नऊ महिन्यांची पलटण



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर आपल्यातल्याच एकाने मला विचारले, "गुरुजी, पगारी शिपाई लढतो ते समजते. ते त्याचे पोटच आहे. पण ज्याला घर आहे, शेत आहे, गोठ्यात गाय आहे, तो माणूस आपण होऊन लढाईवर कशाला जाईल? आणि गेलाच, तर बोलीचे दिवस भरल्यावर एक दिवस तरी जादा कशाला थांबेल?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आज मी तुम्हांला एक खरी हकीगत सांगणार आहे. ती आपल्या देशातली नाही, अमेरिकेतली आहे. पण माणसे तुमच्यासारखीच होती. नांगर धरणारी, धारा काढणारी, पावसाकडे डोळे लावून बसणारी.

यादवी म्हणजे काय?

यादवांची कथा तुम्ही कीर्तनात ऐकलेली आहे. एकाच कुळातले लोक आपसांत लढले आणि नाश पावले. म्हणून एकाच देशातल्या लोकांत आपसांत युद्ध झाले, तर त्याला आपण यादवी युद्ध म्हणतो. असे युद्ध फार वाईट. परका शत्रू असला तर तो परत आपल्या देशी जातो. यादवीत दोन्ही बाजूंना आपलीच माणसे. काही घरांत तर एक भाऊ इकडे आणि एक तिकडे.

अमेरिकेत अशी यादवी १८६१ साली सुरू झाली आणि १८६५ साली संपली. त्या चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे मेली.

भांडण कशाचे होते? मुळाशी होती गुलामगिरी. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाचे मोठमोठे मळे होते. त्या मळ्यांवर काळ्या लोकांना गुलाम म्हणून राबवीत. आफ्रिकेतून त्यांच्या वाडवडिलांना जहाजांत कोंबून आणले होते. १८६० साली असे सुमारे चाळीस लाख गुलाम त्या देशात होते. बाजारात बैल विकावा तसा माणूस विकत. आईला एका मालकाने घ्यावे, पोराला दुसऱ्याने. आणि एक गोष्ट तुम्ही नीट ऐका. दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता! मालकांना ठाऊक होते, की ज्याला वाचता येते तो फार दिवस मान खाली घालून राहत नाही.

१८६० साली अब्राहम लिंकन निवडून आला. गुलामगिरी नव्या मुलखात पसरू द्यायची नाही, असे त्याचे म्हणणे होते. दक्षिणेकडची राज्ये बिथरली. एकामागून एक राज्ये देशातून फुटून निघू लागली. १२ एप्रिल १८६१ या दिवशी त्यांनी समटर नावाच्या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्या आणि युद्धाला तोंड लागले.

उत्तरेकडचे सगळेच लोक गुलामांच्या कळवळ्याने लढायला निघाले, असे मात्र समजू नका. खरे ते खरे सांगावे. पुष्कळांना एवढेच वाटत होते, की आपला देश फुटू नये. गुलामांना मोकळे करण्यासाठी आपण लढतो आहोत, ही गोष्ट हळूहळू, युद्ध चालू असताना लोकांच्या मनात उतरली.

तीन महिन्यांची बोली

लिंकनच्या हाताशी तेव्हा फौज थोडी होती. त्याने १५ एप्रिलला पंचाहत्तर हजार माणसे मागितली. तीही फक्त तीन महिन्यांसाठी. कारण त्या वेळच्या कायद्यात गावकरी शिपायांना तीन महिन्यांपेक्षा जास्त बोलावता येत नव्हते. आणि लोकांनाही वाटत होते, की तीन महिने पुष्कळ झाले. चार तोफा उडतील, दक्षिणवाले घाबरतील आणि आपण सुगीला घरी येऊ.

तसे झाले नाही. जुलै उजाडला तरी मोठी लढाई झालेलीच नव्हती. तीन महिन्यांची मुदत संपत आली. तेव्हा घाईघाईने फौज पुढे काढली. २१ जुलै १८६१ रोजी बुल रन नावाच्या ओढ्याकाठी पहिली मोठी लढाई झाली.

त्या दिवशी काय घडले पाहा. पेनसिल्व्हानिया राज्याची चौथी पलटण तिथे होती. तिची मुदत नेमकी तेव्हाच भरली होती. सेनापतीने विनवले, चार दिवस थांबा. पलटणीतल्या बहुतेकांनी ऐकले नाही. इकडे फौज लढाईला पुढे निघाली आणि तिकडे ही पलटण पाठ फिरवून घराकडे निघाली. मागे तोफांचा आवाज होत होता आणि हे लोक चालत होते. त्या दिवशी उत्तरेची फौज हरली. ती एका पलटणीमुळे हरली असे नाही. पण सेनापतीने आपल्या अहवालात ही गोष्ट लिहून ठेवली आणि ती कायमची कागदावर राहिली.

या पलटणीचा कर्नल होता जॉन हार्ट्रान्फ्ट. त्याची माणसे गेली. तो गेला नाही. दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली राहून तो त्या दिवशी लढला. पुढे त्याबद्दल त्याला देशाचे सर्वांत मोठे शौर्यपदक मिळाले. ते मिळाले १८८६ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

आता त्या परत गेलेल्या लोकांना आपण भित्रे म्हणायचे का? घाई करू नका. त्यांनी तीन महिने कबूल केले होते, तीन महिने दिले. बोलीप्रमाणे ते मोकळे होते. आणि त्यांतले अनेक जण थोड्याच महिन्यांत त्याच हार्ट्रान्फ्टच्या हाताखाली नव्या पलटणीत, तीन वर्षांच्या बोलीवर परत आले. तेव्हा माणसाला एका दिवसावरून तोलू नये. पण तो एक दिवस त्यांना जन्मभर सलला असेल, असे मला वाटते.

डोंगरातली माणसे

दुसरे वर्ष आले. युद्ध संपण्याचे चिन्ह दिसेना. ऑगस्ट १८६२ मध्ये लिंकनच्या सरकारने आणखी तीन लाख गावकरी शिपाई मागितले. या खेपेस मुदत होती नऊ महिने.

उत्तरेकडे व्हरमाँट नावाचे एक छोटेसे राज्य आहे. सगळा मुलूख डोंगराळ. आपला मावळ जसा, तसा. फरक एवढाच, की तिथे हिवाळ्यात कमरेएवढे बर्फ पडते. लोक गाई-मेंढ्या पाळणारे आणि लहान लहान शेते करणारे. १८६० साली सगळ्या राज्याची वस्ती तीन लाख पंधरा हजार. या राज्याने १७७७ सालीच आपल्या घटनेत लिहून ठेवले होते, की सज्ञान माणसाला गुलाम करता येणार नाही.

या व्हरमाँटने नऊ महिन्यांच्या पाच पलटणी उभ्या केल्या. बारावी, तेरावी, चौदावी, पंधरावी आणि सोळावी. आपली हकीगत तेराव्या पलटणीची आहे.

पलटण म्हणजे सुमारे हजार माणसे. तिच्या दहा कंपन्या. एकेक कंपनी एकेका भागातली, शेजारच्या चार-दोन गावांतली. शेजारी शेजारी नांगरणारे दोघे एकाच रांगेत उभे. कंपनीचे अधिकारी शिपायांनी मते देऊन निवडलेले. यात एक चांगले होते. ओळखीच्या माणसासमोर पळून जायची लाज वाटते. आणि एक भयंकरही होते. एका कंपनीवर तोफेचा मारा झाला, तर एकाच गावात एकाच दिवशी दहा घरी रडे ऐकू येई.

पगार किती? सरकारचे महिना तेरा डॉलर आणि व्हरमाँट राज्याचे वरती सात डॉलर. घर चालावे म्हणून राज्याने ही जोड दिली होती. शेते मागे बायका, म्हातारे आणि पोरे बघणार. गडी शरद ऋतूत गेला, की नऊ महिन्यांनी उन्हाळ्यात, गवत कापायच्या दिवसांत परत येणार, असा हिशेब होता.

१० ऑक्टोबर १८६२ रोजी ब्रॅटलबरो गावी पलटणीची हजेरी झाली आणि शपथ झाली. नऊ महिने मोजा. १० जुलै १८६३. हा दिवस तुम्ही लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

कवायत, चिखल आणि आजार

पलटण राजधानी वॉशिंग्टनच्या दक्षिणेला पहाऱ्यावर गेली. लढाई नाही. रोज उठायचे, कवायत करायची, खंदक खणायचे, ओढ्याच्या उतारावर पहारा द्यायचा. पावसात तंबू गळत. थंडीत बोटे गोठत. रांगेने पुढे चला, रांगेने वळा, परत फिरा. हे महिनोन् महिने. पोरे कंटाळली. जुने शिपाई त्यांना हिणवीत, की हे नऊ महिन्यांचे पाहुणे, यांनी अजून बंदुकीचा धूर पाहिला नाही.

गोळी लागली नाही तरी माणसे मरत होती. गोवर, विषमज्वर, हगवण. डोंगरातल्या एकेकट्या घरांत वाढलेली तरणी पोरे एकदम हजारांच्या तळावर आली, की एकाचा रोग दुसऱ्याला लागे. या सबंध युद्धात उत्तरेचे जेवढे शिपाई मेले, त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश गोळीने नव्हे, रोगाने मेले. तळावरचे पाणी आणि संडास यांची नीट सोय नसली, की शत्रूची गरजच राहत नाही. ही गोष्ट पलटणीला लागू तशी गावालाही लागू.

याच हिवाळ्यात, १ जानेवारी १८६३ रोजी, लिंकनने जाहीरनामा काढला. बंडखोर राज्यांतले सगळे गुलाम मोकळे झाले, असे त्यात लिहिले होते. चिखलात पहारा देणाऱ्या या पोरांच्या हातून आता नुसता देश राखला जात नव्हता. माणसे मोकळी होणार होती.

मार्चमध्ये एक फजितीही झाली. या पाच पलटणींवरचा जनरल, स्टॉटन नावाचा तरुण, आपल्या तळापासून दूर एका गावातल्या चांगल्या घरात मुक्कामाला होता. ९ मार्चच्या मध्यरात्री मॉस्बी नावाचा शत्रूचा सरदार जेमतेम तीस स्वार घेऊन आला आणि जनरलला अंथरुणातून उठवून घेऊन गेला! माणसे तंबूत आणि म्होरक्या गादीवर असला, की असे होते. त्याच्या जागी जॉर्ज स्टॅनर्ड आला. हा माणूस कडक, पण आपल्या शिपायांबरोबर राहणारा.

पाण्याची गोष्ट

जून १८६३. दक्षिणेचा सेनापती ली आपली मोठी फौज घेऊन उत्तरेत शिरला. वॉशिंग्टनच्या बाजूला थांबलेल्या या नऊ महिन्यांच्या लोकांना हुकूम आला, चला, मोठ्या फौजेला जाऊन मिळा.

२५ जूनला ते निघाले. सात दिवसांत सुमारे एकशेवीस मैल चालले. मुंबईहून पुण्याला आगगाडीने जेवढे अंतर, तेवढे समजा. पाठीवर ओझे, खांद्यावर बंदूक. मधून मधून पाऊस, मग ऊन आणि उकाडा. जोडे फाटले. कित्येक जण पायांना चिंध्या बांधून चालले. माणसे वाटेत घेरी येऊन पडत.

फौज वेळेवर पोचावी म्हणून वरून सक्त हुकूम होता. रांग सोडायची नाही, पाण्यासाठी थांबायचे नाही. विहिरींवर पहारेकरी उभे केले होते. आता विचार करा. जून अखेरचे ऊन, घसा कोरडा, शेजारी विहीर आणि विहिरीवर बंदूकवाला.

तेराव्या पलटणीत स्टीफन ब्राऊन नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. त्याला आपल्या पोरांचे हाल बघवेनात. त्याने त्यांच्या बाटल्या गोळा केल्या, पहारेकऱ्याला जुमानले नाही आणि पाणी भरून आणले. पोरे पाणी प्याली. पण हुकूम मोडला होता. ब्राऊनला अटक झाली आणि त्याची तलवार काढून घेतली. अधिकाऱ्याची तलवार काढून घेणे म्हणजे भर सभेत पागोटे उतरवण्यासारखे.

१ जुलैच्या संध्याकाळी पलटण गेटिसबर्ग या गावी पोचली. त्याच दिवशी सकाळपासून तिथे मोठी लढाई जुंपली होती. बारावी आणि पंधरावी या दोन पलटणींना सामानाच्या गाड्या राखायला धाडले. तेरावी, चौदावी आणि सोळावी लढाईच्या रांगेत राहिल्या.

लढाई समोर दिसताच ब्राऊनने मागणे केले, मला माझ्या माणसांत जाऊ द्या. परवानगी मिळाली. पण तलवार कुठे होती? तळावर लाकडे फोडायची एक हातकुऱ्हाड पडलेली होती. ती त्याने उचलली आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला.

दोन दिवस

२ जुलैच्या संध्याकाळी उत्तरेच्या रांगेला भगदाड पडले. शत्रूने चार तोफा धरल्या. तिथला सेनापती हॅन्कॉक याने तेराव्या पलटणीच्या कर्नलला, फ्रान्सिस रँडॉलला, विचारले, त्या तोफा परत आणशील का? रँडॉलपाशी तेव्हा निम्मी पलटण होती, पाच कंपन्या. तो निघाला. वाटेतच त्याच्या घोड्याला गोळी लागली आणि घोडा त्याच्या अंगावर कोसळला. माणसांनी त्याला खालून ओढून काढले. तो लंगडत उठला आणि पायी पुढे चालू लागला. पाचही कंपन्या त्याच्या मागोमाग धावल्या आणि चारही तोफा परत घेऊन आल्या. नऊ महिन्यांच्या पाहुण्यांनी अखेर धूर पाहिला!

दुसरा दिवस ३ जुलैचा. मुदत भरायला एक आठवडा उरला होता.

दुपारी एकच्या सुमाराला दक्षिणेच्या तोफा एकदम सुटल्या. दोन तासांच्या आसपास मारा चालला. माणसे जमिनीला पोट लावून पडून राहिली. मग तोफा थांबल्या आणि समोरच्या झाडीतून रांगा बाहेर आल्या. बारा हजारांहून अधिक माणसे, निशाणे लावून, जवळजवळ मैलभर उघड्या रानातून चालत येत होती.

त्यांचा रोख होता मधल्या एका झाडांच्या झुबक्याकडे. तेरावी पलटण त्याच्या डाव्या हाताला, बाकीच्या रांगेच्या थोडी पुढे होती. येणाऱ्या रांगा तिच्यासमोरून तिरक्या सरकत झुबक्याकडे चालल्या. म्हणजे त्यांची बगल उघडी पडली. स्टॅनर्डने ते हेरले. त्याने तेराव्या पलटणीला हुकूम केला, वळा.

हे वळणे म्हणजे काय? दार बिजागरीवर फिरते ना, तसे. एक टोक जागेवर राहायचे आणि सगळी रांग त्याच्याभोवती फिरवून शत्रूच्या बगलेला भिडवायची. परेडच्या मैदानावर हे सोपे. गोळ्या अंगावर येत असताना, धुरात, शेजारचा पडत असताना रांग मोडू न देता हे करायचे म्हणजे फार कठीण. पण याच पोरांनी हिवाळाभर चिखलात हेच केले होते. कंटाळून, शिव्या देत, पण केले होते. आज पाय आपोआप पडले. पलटण वळली. शेजारी सोळावी येऊन उभी राहिली. दोघींनी अगदी जवळून बगलेवर गोळ्यांचा वर्षाव केला. त्या बाजूची दक्षिणेची रांग विस्कटली. समोरून हजारो दुसरे शिपाई लढतच होते. हल्ला मोडला.

ब्राऊन कुऱ्हाड घेऊनच धावला. त्याने शत्रूच्या एका अधिकाऱ्याला शरण आणले आणि त्याची तलवार घेतली. स्वतः स्टॅनर्डच्या मांडीला जखम झाली, पण लढाई संपेपर्यंत तो रणांगण सोडीना.

दुसऱ्या दिवशी रात्री लीची फौज परत फिरू लागली. तीन दिवसांत दोन्ही बाजूंची मिळून मेलेली, जखमी आणि हरवलेली माणसे पन्नास हजारांच्या आसपास. तेराव्या पलटणीची दहा माणसे जागेवर ठार झाली. एकशेतीन जखमी झाली, त्यांतली काही पुढे दगावली. दहांचा त्या वेळी पत्ता लागला नाही.

मग थोड्याच दिवसांत पलटणीला निरोप मिळाला. २१ जुलैला ब्रॅटलबरो गावी, जिथे शपथ घेतली होती तिथेच, सगळे मोकळे झाले. आणि गवत कापायला घरी गेले.

एका मावशींचा प्रश्न

ही हकीगत मी पूर्वी एका गावच्या वर्गात सांगितली होती. तेव्हा मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, नऊ महिने म्हणता. नऊ महिने पोटात वागवून आईनं ते पोर जन्माला घातलं होतं. आठ दिवसांनी ते घरी येणार होतं. त्या दहा आयांना तुम्ही काय सांगाल?"

मंडळी, मी खरे सांगतो, मला उत्तर देता आले नाही. पराक्रम झाला, देश राहिला, असे मी त्या आईला कोणत्या तोंडाने सांगू? तिच्या दारात बाकीचे आले आणि तिचा आला नाही. हा हिशेब कोणत्याही विजयाने फिटत नाही.

पण त्या आईइतक्याच आणखी पुष्कळ आया होत्या. दक्षिणेत कापूस वेचणाऱ्या. त्यांची पोरे लढाईत नव्हे, भर बाजारात, लिलावात जात होती. एक-दोन नव्हे, पिढ्यान् पिढ्या. हे युद्ध संपले तेव्हा, डिसेंबर १८६५ मध्ये, अमेरिकेच्या घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायमची बंद झाली. त्या आयांची पोरे त्यांच्याजवळ राहिली. एका आईचे दुःख दुसऱ्या आईच्या सुखाने पुसले जात नाही. पण दोन्ही आया डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय या युद्धाचा विचार करू नये, एवढे मला त्या मावशींनी शिकवले.

आणि ज्यांच्यासाठी हे झाले, ते हात जोडून बसले नव्हते. जाहीरनाम्यानंतर सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे लोक उत्तरेच्या फौजेत भरती झाले. त्यांतले बरेचसे कालपर्यंत गुलाम होते. दिवसा कवायत करायची आणि संध्याकाळी तंबूपाशी बाराखडीचे पुस्तक उघडायचे, असे त्यांच्या तळांवर चाले. बंदूक आणि पाटी एकाच वेळी हाती आली. ज्या अक्षरांसाठी काल फटके बसत, ती आज ते मोठ्याने वाचत होते.

आपला याच्याशी संबंध काय?

आहे, संबंध आहे. दक्षिणेची बंदरे उत्तरेच्या आरमाराने अडवली. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. त्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवले. मुंबईला कापसाचे भाव गगनाला भिडले. वऱ्हाड-खानदेशात कापसाचा पेरा वाढला. १८६५ साली युद्ध थांबताच भाव कोसळले आणि मुंबईच्या भल्या भल्या पेढ्या बुडाल्या. सात समुद्रांपलीकडच्या लढाईने आपल्या शेतकऱ्याच्या पिकाचा भाव चढला आणि उतरला.

दुसरा संबंध याहून मोठा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले. ते त्यांनी कोणाला अर्पण केले? अमेरिकेतल्या ज्या भल्या लोकांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी स्वार्थ सोडून झीज सोसली, त्यांना. पुण्यात बसून, आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांसाठी झटताना, जोतीरावांची नजर तिकडे गेली होती. त्या झीज सोसणाऱ्यांत ही व्हरमाँटची डोंगरातली पोरेही आलीच.

शेवटचे चार शब्द

ब्राऊनचे पुढे काय झाले? तो दुसऱ्या पलटणीत परत भरती झाला. मे १८६४ मध्ये एका लढाईत त्याचा एक हात गेला. पुढे १८९९ साली गेटिसबर्गला तेराव्या पलटणीचे स्मारक उभारले. त्यावर पुतळा आहे तो कर्नलचा नव्हे, जनरलचा नव्हे. तो आहे लेफ्टनंट ब्राऊनचा. आणि पुतळ्याच्या पायाशी ती हातकुऱ्हाड आहे. ज्याने हुकूम मोडून पाणी आणले, त्याच्याच रूपाने पलटणीने आपली आठवण ठेवली.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. बोलीचे दिवस भरत आले असताना माणूस का थांबतो? मला वाटते, शेजारी जो उभा आहे त्याच्यासाठी तो थांबतो. ज्याने आपल्याला पाणी आणून दिले, त्याला सोडून जाणे जड जाते. मोठी कारणे नंतर समजतात.

पण हे माझे मत झाले. तुमचे निराळे असू शकेल. म्हणून आजचा अभ्यास असा. पेनसिल्व्हानियाची पलटण मुदत भरताच घरी गेली. त्यांचे बरोबर होते की चूक? आणि ब्राऊनने हुकूम मोडला, ते बरोबर की चूक? प्रत्येकाने आपल्या हाताने चार ओळी लिहून आणाव्यात. शेजाऱ्याला विचारून लिहू नये. अक्षर वाकडे आले तरी चालेल. मत तुमचे स्वतःचे असावे.

राम राम.